तंबूवाल्यांना हाकलू नका, जागा दाखवा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

किनाऱ्यावर तंबू ठोकून राहणाऱ्या आणि कॅम्परव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेऊन येणाऱ्या पर्यटकांवर सरसकट बंदी घालावी, असं म्हणणारे लोक आमच्या गावात वाढले आहेत. चहाच्या गाड्यावर, देवळाच्या पायऱ्यांवर, ग्रामसभेतसुद्धा हाच सूर. त्यांचा राग मला समजतो, कारण तो राग मीही केला आहे. पण आता माझं मत वेगळं झालं आहे. ते का झालं, हे सांगायला हे पत्र लिहितो आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्यावं.

मी पेडणे तालुक्यातल्या केरीचा. एकतीस वर्षं फेरीबोटीवर नोकरी केली. केरीहून तेरेखोल आणि तेरेखोलहून केरी, दिवसातून किती खेपा झाल्या त्याची मोजदाद नाही. नदी जिथे समुद्राला मिळते तिथेच आयुष्य गेलं, त्यामुळे पाणी कधी चढतं, कधी उतरतं, वाळू कुठे साचते, कुठून निघून जाते, हे बघायची सवय अंगात मुरलेली आहे. निवृत्त झालो तरी पहाटे उठून किनाऱ्यावर एक फेरी मारल्याशिवाय चैन पडत नाही.

तंबू आणि गाड्या आम्हांला नवीन नाहीत. मी नोकरीला लागलो तेव्हापासून केरीच्या सुरूच्या झाडांखाली युरोपातून रस्त्याने आलेले मोठे ट्रक उभे राहायचे. आत बिछाना, चूल, पुस्तकं. महिना महिना मुक्काम. तेव्हा ते वर्षाला चार-पाच असत, आणि चार-पाच गाड्यांची घाण वाळू पोटात घेते. आता दिवस बदलले. तेरेखोल नदीवर किरणपाणी-आरोंदा पूल झाला, मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला, कोल्हापूर, बेळगाव, पुण्याची माणसं शुक्रवारी रात्री निघून शनिवारी उजाडायला इथे पोहोचतात. पाठीवरच्या पिशवीत मावणारा तंबू आता कुठेही मिळतो. जुन्या व्हॅनच्या सीट काढून आत पलंग आणि ओटा बसवून घेणारी तरुण मुलंही पुष्कळ झाली आहेत. हॉटेलचं भाडं परवडत नाही, किंवा समुद्राच्या आवाजात झोपायचं असतं. यात गुन्हा काय आहे? मला विचाराल तर काहीच नाही.

एक रात्र सांगतो. त्रिपुरारी पौर्णिमेची. संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास मी किनाऱ्यावर गेलो तर कोल्हापूरकडचं एक कुटुंब तंबू लावत होतं. नवरा-बायको, सहा-सात वर्षांची मुलगी आणि त्या माणसाची आई. तंबू निळा, अगदी कोरा, घडीच्या रेघाही गेल्या नव्हत्या. लावला होता पाण्यापासून शंभर-सव्वाशे पावलांवर. मी म्हटलं, "अहो, इथे नको, पाणी येईल." तो माणूस हसून म्हणाला, "काका, पाणी तर केवढं लांब आहे."

तो खोटं बोलत नव्हता. पाणी लांबच होतं. आणि इथेच बाहेरगावचा माणूस फसतो. आमच्याकडे भरतीची वेळ काढायची ढोबळ रीत आहे, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती पूर्ण. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दिवसा सव्वाअकराला आणि पुन्हा रात्री त्याच सुमारास. म्हणजे पौर्णिमेच्या संध्याकाळी, नेमकं सूर्यास्त बघायला माणसं जमतात तेव्हा, समुद्र सगळ्यात मागे गेलेला असतो. किनारा एरवीपेक्षा दुप्पट रुंद, वाळू सपाट आणि घट्ट, तंबूला याहून चांगली जागा नाही असं कोणालाही वाटेल. आणि पौर्णिमेचं उधाण म्हणजे रात्री चढणारं पाणीही महिन्यातलं मोठं.

मी त्यांना भरतीची रेघ दाखवली. वाळलेलं शेवाळ, काड्या, फेसाचा सुकलेला पट्टा, एखादी चप्पल, हे सगळं जिथे ओळीने पडलेलं असतं ती रेघ. ती त्यांच्या तंबूच्या पाठीमागे होती. आजीबाईंना लगेच पटलं, मुलाला नाही पटलं. मी जास्त ताणलं नाही आणि घरी आलो, पण जेवण गोड लागेना. दहाला बॅटरी घेऊन परत गेलो. लाटेचं टोक तंबूपासून वीस पावलांवर आलं होतं आणि आत चौघंही झोपलेली. हाक मारून उठवलं. मुलीला मी खांद्यावर घेतलं, ती जागीसुद्धा झाली नाही. सामान उचलेपर्यंत पुढची लाट तंबूच्या आत शिरली आणि एक पातेलं आणि आजींच्या वहाणा घेऊन गेली. खुंट्या एकेक करून सहज निघून आल्या. वीतभर लांबीची ती बारीक लोखंडी खुंटी कोरड्या वाळूत धरतच नाही. वाळूत तंबू बांधायचा तर पिशवीत वाळू भरून, तिला दोरी बांधून हातभर खोल पुरावी लागते, मग वारा कितीही ओढू दे. हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण?

त्या रात्री तंबू माझ्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, लावला. तोही माडाखाली नव्हे, मोकळ्या जागेत. नारळ काढणारा पाडेली येऊन गेल्याला दोन महिने झाले होते आणि वर सुके नारळ होते. झावळ जरी पडली तरी तंबूत झोपलेल्या माणसाची मान मोडू शकते. सकाळी चहा पिताना त्या बाईंनी मला एक प्रश्न विचारला, "काका, असं पैसे देऊन राहायची सोय या गावात का नाही? आम्ही आनंदाने दिले असते." मला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न अजून डोक्यातून गेलेला नाही.

आता दुसरी बाजू सांगतो. ती सांगितली नाही तर मी प्रामाणिक नव्हे.

भरतीपासून वाचायचं म्हणून शहाणी माणसं तंबू वर नेतात आणि वर म्हणजे वाळूच्या टेकडीवर. तिथे मर्यादवेल पसरलेली असते. तिचं पान मधोमध चिरलेलं, फूल जांभळं, आणि वेल जिथे जिथे जमिनीला टेकते तिथे पेराला मूळ फुटतं. वाळूची टेकडी जागेवर राहते ती या वेलीमुळे. एका टेकडीवर मी गेल्या वर्षी पाहिलं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथे सात तंबू होते. ते गेल्यावर जागा बघायला गेलो तर वेली तुटून पिवळ्या पडल्या होत्या, मुळं उघडी, आणि प्रत्येक तंबूच्या जागी गुळगुळीत चौकोन. फेब्रुवारीच्या वाऱ्याने त्या चौकोनांतली वाळू उडून खळगे पडले. पावसाळ्यात उधाणाचं पाणी आत शिरलं ते त्याच खळग्यांतून. केरीच्या किनाऱ्याची धूप किती झाली आहे, किती सुरू मुळासकट आडवे झाले, हे कोणीही येऊन बघावं. ते पाप तंबूवाल्यांचं असं मी म्हणणार नाही, समुद्राची आणि माणसाची अनेक कारणं आहेत. पण जी टेकडी उरली आहे तिला तरी खुंट्या नकोत. कायदाही हेच सांगतो. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे आणि वाळूच्या टेकड्यांवर कोणतीही हालचाल करू देऊ नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

त्याच भागात मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग हे चार किनारे कासवांचे म्हणून नोंदले आहेत. माझी धाकटी बहीण मोरजीला दिली आहे. तिचा मुलगा कासवांच्या अंड्यांवर राखण करायला रात्री जातो. एका फेब्रुवारीत मीही त्याच्याबरोबर बसलो होतो. ऑलिव्ह रिडले कासवीण एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं वाळू उकरून वर येतात. त्या रात्री आली. तळहाताच्या मध्यावर मावतील एवढी, काळी, ओली वाळू चिकटलेली. पिल्लाला उपजत एवढंच कळतं की जिकडे जास्त उजेड तिकडे जायचं, कारण अंधाऱ्या किनाऱ्यावर समुद्रच सगळ्यात उजळ असतो. पण त्या रात्री दक्षिणेला दोनशे पावलांवर कोणीतरी तंबूच्या दारात पांढरा एलईडी दिवा टांगला होता. पिल्लं वर आली, क्षणभर थांबली आणि समुद्राकडे पाठ करून त्या दिव्याच्या दिशेने चालू लागली. भाचा धावत जाऊन दिवा बंद करायला सांगून आला. तंबूतल्या मुलांनी लगेच बंद केला, वर येऊन हात जोडून माफीही मागितली आणि मग पहाटेपर्यंत आमच्याबरोबर अंधारात उभी राहिली. त्यांना माहीतच नव्हतं. मोरजीला तंबू नकोच, या मताचा मी आहे. तिथे सवलत नको. पण ती मुलं वाईट होती असं कोणी म्हणेल तर मी ऐकून घेणार नाही.

कॅम्परव्हॅनचं दुखणं आणखी वेगळं आहे. वाळूत चाक रुतलं की लोक जास्त रेस देतात आणि गाडी बुडापर्यंत खाली जाते, मग ट्रॅक्टर शोधत फिरतात. किनाऱ्यावर गाडी घालायला मनाई आहे हे त्यांना त्या वेळी कळतं. त्यावर मी वेळ घालवत नाही. मोठा प्रश्न पाण्याचा आहे, स्वच्छ आणि घाण दोन्ही.

गेल्या मोसमात परराज्यातली एक व्हॅन सुरूंखाली तीन दिवस उभी होती. भांड्यांचं आणि आंघोळीचं साबणाचं पाणी खालच्या नळीतून टपटपत होतं. चौथ्या दिवशी सकाळी निघण्याआधी त्या माणसाने आतल्या शौचालयाची टाकी बाहेर काढली, वाळूत खड्डा खणला आणि त्यात रिकामी केली. वर वाळू लोटली, नीट दाबली, वरून सुरूची पानं पसरली. त्याच्या मनाने त्याने स्वच्छता केली. पण तिथून चाळीस पावलांवर तीन घरांची विहीर आहे. वाळूतली विहीर ही कातळातल्या विहिरीसारखी नसते. खारं पाणी खाली, आणि पावसाचं मुरलेलं गोडं पाणी त्याच्यावर तरंगत असतं, जेमतेम काही हात. वाळू गाळून घेते हे खरं, पण एवढ्या जवळून आलेली घाण गाळायला तिला वेळच मिळत नाही. त्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला, वर साबणासारखा तवंग. विहीर उपसली, ब्लीचिंग पावडर टाकली, पंधरा दिवस ती तीन घरं दुसरीकडून पाणी आणत होती. उपसा जास्त केला की खालचं खारं पाणी वर येतं ही भीती वेगळीच.

मी त्या माणसाला खड्डा बुजवताना पाहिलं होतं. तावातावाने गेलो आणि बरंच बोललो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मान्य आहे. मग कुठे टाकू ते सांगा. तुमच्या गावात, तालुक्यात, कुठे टाकू? पैसे देतो." संपादक महोदय, मी तिथे उभा राहिलो आणि मला सांगता आलं नाही. कारण तशी जागाच नाही. पेट्रोल पंपावर टाकू देत नाहीत, सार्वजनिक शौचालयाच्या भांड्यात ओतली तर सफाई कामगाराच्या अंगावर. ज्या माणसावर मी ओरडत होतो त्याला आम्ही दुसरा मार्गच ठेवला नव्हता.

दंडाचा कायदा आपल्याकडे आहे. पर्यटन स्थळांच्या संरक्षणाचा कायदा २००१ चा. त्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन उघड्यावर दारू पिणं, स्वयंपाक करणं यासाठी तेव्हा एकट्या माणसाला २,००० आणि टोळक्याला १०,००० रुपये दंड ठरला होता. दंड योग्यच आहे. मार्च महिन्यात सुरूच्या वाळक्या पानांचा थर घोट्याएवढा असतो, त्यात कोणी चूल पेटवली तर वारा काय करील ते सांगायला नको. पण दंड माणसाला इथून उठवतो आणि पुढच्या गावात बसवतो. केरीहून उठवलेला हरमलला जातो, हरमलहून उठवलेला मांद्रेला, तिथे कासवांच्या वाळूत. रात्री कोणी बघत नाही अशा जागा तो शोधू लागतो आणि अशा जागा म्हणजे टेकड्यांच्या पाठीमागच्या, जिथे त्याने मुळीच जाऊ नये.

म्हणून मी माझ्यापुरतं काही करायचं ठरवलं. माझं भाट रस्त्याच्या अलीकडे, गावाच्या बाजूला आहे, भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरच्या पुढे. तिथे आठ तंबू आणि दोन गाड्या आरामात राहतील. आलेखाच्या कागदावर आराखडा काढला. तंबूंच्या जागा माडांपासून दूर, चुन्याने आखलेल्या. दोन शौचालयं आणि दोन न्हाणीघरं, सेप्टिक टँक विहिरीच्या विरुद्ध टोकाला. गाड्यांच्या टाकीसाठी झाकणाचं वेगळं पिंप, कारण त्या टाकीत वास मारायला जे निळं औषध घालतात ते सेप्टिक टँकमधले जंतू मारतं आणि सगळी टाकी निकामी करू शकतं. पिंप भरलं की मैला वाहून नेणारा टँकर बोलवायचा. पिण्याच्या पाण्याचा नळ, मीटर लावलेला विजेचा पॉइंट, दिवे पिवळे आणि खाली तोंड केलेले. रात्री १० नंतर गाणी बंद. स्वयंपाकाला एक पडवी, म्हणजे तंबूत सिगडी पेटवून कोणी झोपणार नाही. सिगडीच्या न दिसणाऱ्या विषारी वायूने झोपेतच माणसं जातात, हे मी इथे मुद्दाम लिहितो.

हा कागद घेऊन मी एका कार्यालयात गेलो. तिथल्या बाई चांगल्या बोलल्या, पण त्यांना मला कोणत्या रकान्यात घालावं तेच कळेना. हॉटेल म्हणावं तर खोल्या नाहीत. होमस्टे म्हणावा तर पाहुणा घरात राहत नाही. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं, आधी पंचायतीचा ना हरकत दाखला आणा. दाखल्यासाठी गेलो तर विचारलं, आधी नोंदणी कुठे आहे? चार खेपा झाल्या. माझं वय आणि गुडघे बघता हे थोडं नाही. नोंदणीशिवाय मी कोणाकडून एक पैसाही घेतलेला नाही आणि घेणार नाही. त्यामुळे आजही कोणी वाट चुकून आलं तर माझ्या भाटात फुकट राहतं आणि माझी बायको त्यांना पेज वाढते.

माझी मागणी एवढीच आहे. ज्याची स्वतःची जागा टेकड्यांच्या आणि किनारी नियमांच्या हद्दीच्या बाहेर आहे, विहिरीपासून अंतर राखून ज्याने मैल्याची सोय केली आहे, अशा गावकऱ्याला तंबू आणि कॅम्परव्हॅनसाठी साधी नोंदणी द्यावी. एक अर्ज, एक तपासणी, एक खिडकी. किनारपट्टीच्या प्रत्येक तालुक्यात गाड्यांची टाकी रिकामी करायची निदान एक सरकारी जागा असावी. शेजारच्या महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन, म्हणजे अशाच राहत्या गाड्यांच्या, पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी आणलं. आपण तर पर्यटनावर जगणारं राज्य.

आणि एक भीती आहे ती आत्ताच सांगून ठेवतो. ही नोंदणी सुरू झाली की तंबूच्या नावाखाली सिमेंटचे चौथरे घालणारे येतील. वर कापड, खाली काँक्रीट, शेजारी पोहण्याचा तलाव, आणि भाडं एका रात्रीचं दहा हजार. त्याला ग्लॅम्पिंग म्हणतात. त्या कोल्हापूरच्या कुटुंबाला तिथे जागा नाही आणि काजूच्या बागा त्यासाठी कापल्या जातील. नियमात लिहून टाका की तंबू उचलल्यावर खाली पिवळं पडलेलं गवत सोडून काहीही राहता कामा नये. पावसाळ्यात, जूनपासून, सगळं गुंडाळलेलं हवं. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारीसुद्धा बंद असते, तंबू कशाला?

नियम येईपर्यंत पंचायतीने एक काम उद्यासुद्धा करावं. किनाऱ्याच्या वाटेवर एक फळा लावावा आणि त्यावर त्या दिवसाची तिथी, रात्रीच्या भरतीची वेळ आणि "तंबू इथे नको" एवढंच मराठी, हिंदी, इंग्रजीत लिहावं. फळा मी माझ्या खर्चाने करून ठेवला आहे, चार फूट बाय तीन फूट, फणसाच्या लाकडाची चौकट. रोज सकाळी वेळ लिहायला मी तयार आहे, मी तसाही त्या वाटेने जातोच. तो लावायची परवानगी येत्या ग्रामसभेत मागणार आहे. केरीच्या वाचकांनी त्या दिवशी यावं, आणि माझं भाट ज्यांना बघायचं असेल त्यांनी त्याआधी कधीही येऊन बघावं. चुन्याच्या रेघा अजून दिसतात.

आपला,
एक निवृत्त फेरीबोट कर्मचारी
केरी, ता. पेडणे, गोवा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)